हात सोडल्यावर

आपल्याकडे दुचाकी घेताना पहिला प्रश्न असतो ‘ॲव्हरेज किती देते’, आणि ती गॅरेजला टाकताना पहिली फर्माईश असते ‘रेस जरा कमी करून दे’. मेकॅनिक कार्ब्युरेटरच्या अंगाचा एक लहानसा स्क्रू अर्धी-पाव फेरी उलटा फिरवतो, इंजिनाचा आवाज खाली बसतो आणि मालकाला तेवढ्यानेच पेट्रोल वाचल्याचं समाधान मिळतं. फारच खाली नेला तर गाडी सिग्नलला बंद पडते, हेडलाइट मिणमिणतो, आणि थोड्याच दिवसांत तोच स्क्रू मुकाट्याने पुन्हा सुलटा फिरतो. आयडलचा आपण एवढाच विचार केलेला असतो. गाडी उभी असताना इंजिनाने जीव धरून राहावं, बाकी काही करू नये. पीयूसीवालासुद्धा गाडी आयडलवर ठेवूनच धूर मोजतो. इंजिनाने काहीही काम न करता किती घाण करावी याची ती मर्यादा असते. स्टंट करणारे मात्र हाच स्क्रू उलट्या हेतूने पिळतात. साधारण १,३०० ते १,४०० आरपीएमवर फिरणारं इंजिन ते २,५०० वर नेतात, ३,००० वर नेतात, कुणी ४,००० च्याही पुढे. अशी गाडी न्यूट्रलमध्ये उभी असली तरी ॲक्सिलरेटरची केबल अडकल्यासारखी ओरडत असते. ऐकणाऱ्याचा समज होतो की हा वेगाचा सोस आहे, नाहीतर आवाजाचा. माझ्या मते तो दोन्ही नाही. आयडल चढवलं जातं ते गाडी हळू चालवता यावी म्हणून, आणि त्याहून महत्त्वाचं, गाडीचा ताबा हातातून काढून पायाकडे देता यावा म्हणून.

हे पटायला व्हीलीचं, म्हणजे पुढचं चाक उचलून मागच्या एकाच चाकावर चालवण्याचं, गणित थोडं पाहावं लागतं. पुढचं चाक उचलायला जोर लागतो; क्लच झटक्याने सोडून किंवा थ्रॉटल मारून तो मिळतो. पण चाक एका उंचीपर्यंत गेलं की गाडी आणि स्वार यांचा मिळून जो गुरुत्वमध्य, तो मागचं चाक जमिनीला टेकतं त्या जागेच्या बरोबर वर येतो. त्या बिंदूवर चाक वर ठेवण्यासाठी वेग वाढवत राहण्याची गरज उरत नाही. अलीकडे असाल तर चाक खाली येऊ पाहतं आणि इंजिनाचा रेटा हवा असतो. पलीकडे गेलात तर गाडी पाठीवर पडू पाहते आणि मागचा ब्रेक हवा असतो. रस्त्यावर पोरं करतात ती वेगातली व्हीली बहुधा अलीकडच्या बाजूची असते, म्हणजे चाक वर ठेवायला सतत रेस वाढवत न्यायची, गिअर संपले की चाक खाली. खेळ म्हणून जे स्टंट रायडिंग वाढलं ते बरोबर त्या बिंदूवर, आणि कित्येकदा त्याच्या किंचित पलीकडे, मागच्या ब्रेकच्या भरवशावर राहायला शिकलं. तिथे वेग कितीही कमी करता येतो. चार-पाच मीटरच्या वर्तुळात एका चाकावर गोल गोल फिरणं, टाकीवर बसून दोन्ही पाय हँडलवरून पुढे टाकणं, दोन्ही हात सोडून चालणाऱ्या माणसाच्या गतीने पुढे सरकणं, ही सगळी त्या बिंदूवरची कामं. जर्मनीचा ख्रिस फायफर स्टंटचा चार वेळा जगज्जेता झाला आणि बीएमडब्ल्यूच्या एफ ८०० आरवर त्याने जग पाहिलं. तो मूळचा ट्रायल्समधला, म्हणजे दगडधोंड्यांवरून पाय न टेकता गोगलगायीच्या वेगाने गाडी नेण्याच्या खेळातला. अमेरिकेतल्या महामार्गांवरच्या धसमुसळ्या व्हीलीपेक्षा या मंद परंपरेने स्टंटला जास्त शिकवलं, असं मला वाटतं.

मग हळू जायचं तर इंजिन जोरात का फिरवायचं? होंडाची सीबीआर ६०० एफ४आय घेऊ; कावासाकीच्या ६३६ सोबत ही गाडी स्टंटवाल्यांची वर्षानुवर्षांची लाडकी. पहिल्या गिअरमध्ये, मागचं स्प्रॉकेट कंपनीने दिलेलं ४६ दातांचं असताना, इंजिनाच्या साधारण १५ फेऱ्यांना मागचं चाक एकदा फिरतं, आणि चाकाच्या एका फेरीत गाडी सुमारे दोन मीटर पुढे जाते. १,३०० आरपीएमला म्हणजे मिनिटाला पावणेदोनशे मीटर, ताशी जेमतेम १० किलोमीटर. हेच आयडल ३,००० केलं तर ताशी २४. हे हळूच्या नेमकं उलट झालं. म्हणून स्टंटवाला मागे ६० दातांचं, ताटाएवढं स्प्रॉकेट चढवतो. आता १५ च्या जागी साडेएकोणीस फेऱ्यांना चाक एकदा फिरतं आणि ३,००० ला वेग येतो ताशी १८ च्या आसपास. उरलेलं काम मागच्या ब्रेकचं. चाकाला मिळणारा रेटा वाढला, वेग घटला, आणि इंजिन अशा ठिकाणी फिरू लागलं जिथे ते गुदमरत नाही. नुसता स्क्रू पिळून स्टंटची गाडी होत नाही. स्क्रू, स्प्रॉकेट आणि ब्रेक यांचं हे त्रिकूट आहे. एकाला हात लावला की बाकीच्या दोघांची मांडणी बदलावी लागते.

आता या सगळ्यातला माझ्या दृष्टीने सर्वांत सुंदर भाग. स्क्रू आरपीएम ठरवतो असं आपण म्हणतो, ते खरं नाही. थ्रॉटलची झडप पूर्ण मिटू न देता ती किती किलकिली राहील, एवढंच स्क्रू ठरवतो. त्या फटीतून मिनिटाला ठरावीकच हवा आत येते. इंजिन त्या हवेत जितकं फिरू शकतं तितकं फिरतं, आणि जिथे स्थिरावतं त्याला आपण आयडल म्हणतो. ब्रेक दाबून फेऱ्या कमी केल्या की तीच हवा कमी फेऱ्यांत वाटली जाते, प्रत्येक ठिणगीच्या वाट्याला जास्त मिश्रण येतं आणि इंजिन आपोआप जास्त जोराने ओढू लागतं. ब्रेक सोडला, फेऱ्या वाढल्या, की वाटा कमी होतो आणि जोर ओसरतो. कुणी सांगण्याची गरज नाही, कसलं गणित करणारी चिप नाही. फटीतून येणाऱ्या हवेचा हा उपजत स्वभाव आहे. नेहमीच्या आयडलला ही फट इतकी बारीक असते की जोरात ब्रेक दाबताच इंजिन मरतं. फट वाढवली की मरायच्या आधीची शिल्लक वाढते, आणि ती शिल्लक स्वार पायाने हवी तशी वापरतो. संथ सायकल स्पर्धेत जिंकणारं पोरगं पायडल मारणं थांबवत नाही, पायडलवर दाब ठेवून ब्रेकने सायकल रोखून धरतं. थांबून-थांबून मारणारी पोरं पहिल्या दहा फुटांतच पाय टेकतात. इथे तो पायडलवरचा दाब स्क्रूने कायमचा बांधून ठेवलेला असतो.

दाब असा कायम राहिल्याचा आणखी एक फायदा चेनला कळतो. थ्रॉटल पूर्ण बंद केला की इंजिन गाडीला मागे ओढू लागतं. चेनची ढिलाई एका बाजूची दुसऱ्या बाजूला जाते. पुन्हा उघडला की ती झटक्याने परत येते. रस्त्यावर हा झटका आपण दिवसातून शंभरदा गिळतो. एका चाकावर, ताशी आठच्या वेगात, तोल केसावर असताना, तेवढा झटका चाक खाली आणायला पुरतो. चढवलेल्या आयडलमध्ये इंजिन बंद थ्रॉटललाही पुढेच ओढत असतं, चेन ताणलेलीच राहते, आणि मागेपुढे करण्याचं सगळं काम ब्रेकच्या गुळगुळीत चकतीवर येतं.

यावर पहिला आक्षेप जुन्या मंडळींचा, आणि तो बिनतोड वाटतो. हाताने थ्रॉटल सांभाळता येत नाही म्हणून स्क्रू पिळायचा, हा कुबडीचा खेळ झाला. खरा गडी तो ज्याच्या मनगटात कसब आहे. मी तो मानत नाही, कारण त्यात माणसाच्या चुकीचा स्वभाव लक्षात घेतलेला नाही. व्हीलीत गाडी मागे झुकली की अंगही मागे घसरतं, हँडलवरची पकड ताणली जाते आणि मनगट आपोआप खाली वळतं. खाली वळणं म्हणजे थ्रॉटल उघडणं. गाडी मागे पडत असताना माणसाचं भ्यालेलं शरीर तिला आणखी मागे टाकतं. चूक स्वतःलाच वाढवत नेते. ब्रेकच्या पायाची गोष्ट नेमकी उलटी. घाबरून तो जास्त दाबला गेला तर पुढचं चाक आदळतं, गुडघ्यांना हिसका बसतो, थोडी फजिती होते, पण गाडी सरळ उभी राहते. ताबा हातातून पायात गेल्याने चुकीची दिशाच पालटते. तेव्हा मनगटाच्या कसबाची पूजा करणाऱ्यांना विचारावंसं वाटतं, ज्या अवयवाची चूक पाठीवर पाडते त्याच्याकडे कारभार ठेवण्यात शहाणपण कुठलं? शिवाय स्क्रू तोल सांभाळत नाही. आयडल ३,००० ला नेऊन ज्याने ब्रेकवरचा पाय तयार केला नाही, त्याला ती गाडी एका फेरीत जमिनीवर आणते. आरटीओच्या मैदानात आठचा आकडा काढलेल्या प्रत्येकाने या तत्त्वाची बारीकशी चव घेतली आहे. थ्रॉटल सोडून वळणाऱ्याचा पाय टेकतो. थोडी रेस धरून मागच्या ब्रेकने गाडी रोखत नेणारा पास होतो. तो काही कुबडी घेऊन पास होत नाही.

एवढं मात्र कबूल केलं पाहिजे की सगळ्याच स्टंटला हे लागत नाही. पुढच्या चाकावर उभं राहण्याच्या स्टॉपीत चढलेलं आयडल कटकटच असतं. तिथे क्लच धरावाच लागतो, आणि मोकळं इंजिन कानाशी ओरडत राहतं. ज्यांचा उजवा हात पूर्णवेळ मुठीवर असतो ते स्क्रू कमी पिळतात. हात सोडायचा असेल, टाकीवर चढायचं असेल, तर मात्र गत्यंतर नाही. टाकीवर बसून पाय हँडलवरून पुढे टाकणाऱ्याचा पाय ब्रेकपर्यंत पोचतच नाही, म्हणून तो डाव्या मुठीशी, क्लचच्या शेजारी, मागच्या चाकाचा आणखी एक हातब्रेक बसवतो. उजव्या हाताकडे तेव्हाही कारभार परत जात नाही, हे ध्यानात घेण्यासारखं आहे.

दुसरा आक्षेप नव्या गाड्यांचा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि नव्या मोटरसायकलींवरून कार्ब्युरेटर जवळपास हद्दपार झाला. आता आयडल ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरवतो, मग हे स्क्रूपुराण कशाला? पुण्याजवळच्या चाकणहून २०१२ साली बाहेर पडलेली केटीएमची ड्यूक २०० हे याचं चांगलं उदाहरण. हलकी, चपळ, आणि भारतातल्या स्टंटच्या पोरांनी पल्सरनंतर डोक्यावर घेतलेली ही गाडी इंजेक्शनची. ईसीयूचं वागणं स्क्रूच्या नेमकं उलटं असतं. स्क्रू फट ठरवतो आणि आरपीएमला मोकळं सोडतो. ईसीयूला आरपीएम ठरवून दिलेलं असतं आणि ते गाठण्यासाठी तो हवा, पेट्रोल, ठिणगीची वेळ असं सगळं हलवत राहतो. स्वार ब्रेकने फेऱ्या खाली ओढतो तेव्हा ईसीयूच्या लेखी काहीतरी बिघडलेलं असतं, आणि तो ते क्षणभर उशिराने, आपल्या हिशेबाने दुरुस्त करायला धावतो. त्यातच आणखी एक खोड. थ्रॉटल मिटलेला आणि फेऱ्या चढलेल्या दिसल्या की पेट्रोल वाचवण्यासाठी इंजेक्टर बंद होतात, आणि फेऱ्या उतरल्यावर पुन्हा सुरू होतात. रस्त्यावर ही बचत शहाणपणाची. आपल्या ॲव्हरेजवेड्या समाजाला तर वरदानच. एका चाकावर ती लाथेसारखी लागते. म्हणून इंजेक्शनच्या गाडीवर आयडल चढवणं म्हणजे ईसीयूला पटवणं की थ्रॉटल पूर्ण मिटलेलाच नाही. जिथे झडपेला टेकू देणारा स्क्रू असतो तिथे तो पिळून, नसेल तिथे ईसीयूचा नकाशाच बदलून, गाडीला ‘बंद’ कशाला म्हणायचं याची नवी व्याख्या शिकवली जाते. साधन बदललं, काम तेच राहिलं. बजाजनेच २००७ ला पल्सर २२० इंजेक्शनवर आणली आणि २००९ ला तीच गाडी पुन्हा कार्ब्युरेटरवर नेली. कारणं खर्चाची होती, स्टंटची नव्हती, पण त्या गाडीवर हात बसवलेल्या पोरांना तो एक अनपेक्षित आहेर मिळाला.

तिसरा आक्षेप सगळ्यांत गंभीर आहे. मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर रात्री-अपरात्री असले प्रकार करणारी पोरं स्वतः मरतात आणि दुसऱ्यालाही मारतात. मग या स्क्रूच्या बारकाव्यांचं कौतुक कशासाठी? धोकादायक चालवण्याला मोटार वाहन कायद्याचं १८४ वं कलम आहे, आणि ते लावलं जातं ते योग्यच आहे. पण माझं म्हणणं असं की आयडल नीट समजून घेतलं तर रस्त्यावरच्या स्टंटविरुद्धचा युक्तिवाद जास्त धारदार होतो. अमेरिकेत १९७४ पासून नियम आहे की मोटरसायकलच्या मुठीवरून हात निघाला की थ्रॉटल आपोआप आयडलवर परत आला पाहिजे. त्याआधीच्या कितीतरी गाड्यांत मूठ जिथे सोडली तिथेच राहायची. लाकडी गोल भिंतीवर गाडी फिरवणारे, ज्या खेळाला आपल्या जत्रांत मौत का कुआँ म्हणतात, ते पश्चिमेकडे आजही जुन्या इंडियन स्काउटवर जीव टाकतात, त्याला हेही एक कारण आहे. हात हवेत पसरले तरी गाडी ओढत राहते, आणि तिने ओढत राहिलंच पाहिजे. भिंतीवर वेग पडला तर माणूस पडतो. १९७४ च्या नियमामागचा विचार सरळ आहे. संकटात माणूस सगळ्यांत आधी मूठ सोडतो, म्हणून मूठ सुटल्यावर यंत्र सर्वांत शांत झालं पाहिजे. चढवलेलं आयडल या तरतुदीला नावापुरतं पाळतं. थ्रॉटल परत येतो खरा, पण ज्या जागी येतो ती जागाच वर सरकवलेली असते.

त्यामुळे अशी गाडी रस्त्यावर आणणाऱ्याची बेपर्वाई तो चाक उचलतो त्या क्षणी सुरू होत नाही. दोन्ही चाकं जमिनीवर ठेवून भाजी आणायला निघाला तेव्हाच ती सुरू झालेली असते. समोर रिक्षा वळली, मूठ सुटली, आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये ताशी अठराने पुढे ओढतच राहिली. बंद मैदानावर हाच गुण ठरतो, कारण तिथे स्वाराने मूठ सोडून थांबण्याची सवय मेहनतीने मोडून काढलेली असते, पाय ब्रेकवर रुजलेला असतो, अंगठा किल स्विचच्या पल्ल्यात असतो, शेपटीला पाठीवर पडताना टेकणारा लोखंडी दांडा असतो आणि समोर कुणाचं मूल नसतं. २००९ च्या सुमारास एमटीव्हीवर स्टंट मेनिया लागायचं तेव्हा पडद्यावर सूचना यायची की हे घरी करून पाहू नका. सूचना बरोबर होती, पण तिच्यात कारण नव्हतं, आणि वीस वर्षांच्या पोराला कारणाविना दिलेली मनाई आव्हानासारखी वाटते. त्याला हे सांगितलं तर निदान पटण्याची शक्यता आहे की तू पाहतोस ती गाडी तुझ्या गाडीसारखी दिसत असली तरी तिचा ब्रेक, तिचा थ्रॉटल आणि तिच्या स्वाराची भीती, तिन्ही वेगळ्या जागी बसवलेली आहेत.

खर्च आहेच. चढलेलं आयडल पेट्रोल पितं, आणि गाडी जागच्या जागी फिरत असल्याने इंजिनाला वारा मिळत नाही. हवेवर थंड होणारं इंजिन दहा मिनिटांत भाजून निघतं. पाण्याच्या गाडीला पंखा सतत चालू ठेवायला वेगळं बटण लावतात. गाडी उभी झाली की क्रँककेसमधलं तेल मागे सरकतं, पंपाच्या तोंडाशी कोरड पडते आणि बेअरिंग जळतात. कुणी त्यासाठी तेल थोडं जास्त भरतात, पण तो उपाय अर्धाच. चढवलेलं आयडल तेलाचा पंप जरा जास्त फिरवतं हे खरं, तरी तोंडाशी तेलच नसेल तर पंप फिरून काय करणार? हे सगळं एकत्र मांडलं की कळतं, स्टंटची गाडी दुसऱ्या कामाला लावण्याच्या लायकीची फारशी उरत नाही.

नवखे विचारतात तो प्रश्न मात्र नेहमी आकड्याचा असतो: किती आरपीएमवर ठेवू? दुसऱ्याचा आकडा उचलता येत नाही, कारण त्यात त्याचं वजन, त्याचं स्प्रॉकेट, त्याच्या टायरमधली हवा आणि त्याचा पाय, सगळं मिसळलेलं असतं. करायचं ते असं. इंजिन आधी पूर्ण तापू द्यायचं, कारण थंड गाडीवर लावलेलं आयडल गरम झाल्यावर आपणहून चढतं. मग मोकळ्या मैदानात, दोन्ही चाकं जमिनीवर ठेवून, पहिल्या गिअरमध्ये हात न लावता गाडी चालू द्यायची आणि मागचा ब्रेक हळूहळू दाबत न्यायचा. ती चालण्याच्या गतीपर्यंत उतरूनही गचके न खाता ओढत राहिली तर फट पुरेशी आहे. गचके देऊन बंद पडली तर आणखी पाव फेरी. आणि ब्रेक दाबूनही रेटत पुढेच पळत असेल तर पाव फेरी उलट, नाहीतर आणखी मोठं स्प्रॉकेट.